मदत हवी आहे: गौरीचा स्वयंपाक, २२ पानं, कांदा-लसूण नाही आणि चवही घ्यायची नाही

मोरपिशी_पदर

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे यंदा गौरीपूजनाच्या भाज्या पहिल्यांदाच माझ्या गळ्यात. पुरणपोळ्या जाऊबाई बघणार आहेत. माझ्याकडे अळूचं फदफदं, भरली वांगी, काजूची उसळ आणि बटाट्याची भाजी. शेगडी दोन बर्नरची.

आमच्याकडे सगळं त्याच दिवशी सकाळी शिजवायचं आणि नैवेद्य दाखवेपर्यंत चव घ्यायची नाही. गेल्या आठवड्यात सराव म्हणून वांगी केली, तर कूट एकीकडे आणि पाणी एकीकडे. नवरा "छान झालीयेत" म्हणाला आणि दह्याची वाटी पुढे ओढली. कांद्याशिवाय रस दाट कसा करू? आणि मीठ कसं बेतू? आदल्या दिवशी काय उरकून ठेवता येईल?

तेलाची_धार

अगं, पाणी गार घातलं असशील. दाण्याचं कूट, भाजलेले तीळ, सुकं खोबरं, गोडा मसाला, चिंच-गूळ असं सगळं कालवून वांग्यांत भर. उरलेला मसाला तेलात तेल सुटेपर्यंत परत आणि मग उकळतं पाणी घाल, तेही बेतानं. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजू दे. कूट जाडंभरडं नको, बारीक हवं. इतके पदार्थ आहेत तेव्हा माणशी दीड वांगं पुरे.

विकतचा मसाला घेणार असशील तर पाकीट उलटून वाच. काळ्या मसाल्यात बऱ्याचदा कांदा-लसूण असतो.

अमरावतीकर_काकू

आमच्याकडे महालक्ष्म्यांना सोळा भाज्यांची एकच भाजी असते, त्यामुळे मिठाचा घोळ एकदाच होतो! तुमच्या चार भाज्या आहेत, तर अंदाजावर जाऊ नका, वजनावर जा. शिजलेल्या भाजीच्या किलोमागे चहाचे दोन सपाट चमचे मीठ. अळूत पाणी बरंच असतं, ते वजनात धरायला विसरू नका. मी तर दोनला जरा कमीच घालते. नैवेद्याचं पान वाढून झालं की मग चव घ्यायची आणि कमी असेल तर पंगतीच्या पातेल्यात मीठ घालून एक उकळी. जास्त झालेलं काढता येत नाही.

फणसाचं_पान

काजूसाठी ओले काजू शोधत फिरू नका, ते चैत्र-वैशाखातले. आता मिळतात ते सुकवलेले, रात्रभर भिजवून एकेकाचं साल काढत बसावं लागतं. २२ पानांना साध्या पाकळ्या घ्या, तासभर गरम पाण्यात ठेवा. मूठभर काजू आणि खसखस ओल्या नारळाबरोबर वाटलीत तर रस आपोआप दाट होतो. मात्र हे वाटण सकाळीच करा, भाद्रपदातल्या दमट हवेत नारळ रात्रीतून आंबतो.

अळूची पानं धुऊन, देठं सोलून आदल्या दिवशी ठेवता येतील. चण्याची डाळ, दाणे रात्री भिजत घाला. चिंचेचा कोळ कुकरमध्ये घालू नका, डाळ शिजणार नाही. कुकर उघडल्यावर घाला आणि दहा मिनिटं चांगलं उकळा, नाहीतर पंगतभर घसे खाजतील.

मोरपिशी_पदर

खूप आभार! म्हणजे आवाहनाच्या दिवशी, भाजी-भाकरीचा नैवेद्य झाला की कूट, तीळ, खोबरं भाजून दळून ठेवते. सकाळी आधी अळूचा कुकर, दुसऱ्या बर्नरवर वांगी, मग उसळ, बटाटा शेवटी. वजनकाटा आणलाय. सासूबाई खुर्चीत बसून बघत होत्या, म्हणाल्या, "गौरीला काय तोळ्यावर जेवायला घालणार आहेस?"

तेलाची_धार

त्यांना सांग, होय! आणि बटाट्यात मुठीने मीठ टाकायचा आग्रह धरला तर तिथे मात्र ऐकू नकोस.