उक्तं काम घेतलं, पण जागाच बदलली. कोटेशन द्यायचं कसं?

शेंडा_ते_बुंधा
नमस्कार मंडळी. पुण्यात झाडं उतरवायची, फांद्या छाटायची कामं घेतो. चार माणसं आणि भाड्याचा टेम्पो. मार्चमध्ये कोथरूडला एका बंगल्यातला वाळलेला गुलमोहर बघून आलो. खाली मोकळं अंगण, टेम्पो थेट गेटपर्यंत जात होता. लाकूड उचलून नेण्यासकट १८,००० उक्तं सांगितलं, मालक हो म्हणाले. महापालिकेची परवानगी यायला जून उजाडला. माणसं घेऊन गेलो तर झाडाखाली नवीन पत्र्याचं शेड, आणि रस्ता ड्रेनेजसाठी खणलेला. टेम्पो दोनशे फूट लांब. एक दिवसाचं काम तीन दिवस चाललंय, अजून बुंधा उभा आहे. मालक म्हणतात, ठरलं ते ठरलं.
आता जास्तीचे मागू का? आणि पुढच्या वेळी कोटेशन कसं देऊ?
वकील, छापील करार, नवीन यंत्र यातलं काही नको. व्हॉट्सॲपवर पाठवता येईल असं सांगा. खर्च फार तर हजार रुपये.

पेट्रोलकरवत
करवत कुठली वापरता? मी स्टिल कंपनीची १८ इंची घेतली. पैसे गेले, पण तीन दिवसांचं काम दीड दिवसात होतं. आधी ती घ्या, कोटेशनचं नंतर बघू.

बाणेरची_वहिनी
मी गिऱ्हाईक म्हणून बोलते. आमच्याकडे आलेल्या माणसाने अर्धी फांदी कापून लटकत ठेवली, खाली उतरला, चहा प्यायला आणि म्हणाला, "ताई, अजून पाच हजार लागतील." फांदी नेमकी पाण्याच्या टाकीवर. दिले मी, काय करणार? तुम्ही मंडळी आधी कमी सांगता आणि झाडावर चढलात की वाढवता.

शेंडा_ते_बुंधा
वहिनी, म्हणूनच तर अजून मागितले नाहीत.

निवृत्त_अभियंता
बांधकाम खात्यात ३१ वर्षं काढली. आमच्याकडे टेंडरमध्ये नसलेलं काम निघालं की एक्स्ट्रा आयटेम. आधी पत्र, मग वरिष्ठांची मंजुरी, मग मोजणी पुस्तकात नोंद. मंजुरीआधी ठेकेदाराने केलेलं काम ही त्याची समाजसेवा. तुम्ही शेड बघितल्यावर करवत चालू केली तिथेच चुकलात. एक चांगला वकील बघून पाच-सहा पानी करार बनवून घ्या, आयुष्यभर पुरेल.

पेट्रोलकरवत
काका, त्यांनी वकील नको म्हटलंय.

निवृत्त_अभियंता
वाचलं मी. तरी सांगतोय.

हिरवी_टेकडी
मुळात तोडलाच का? गुलमोहर वाळल्यासारखा दिसतो, पण परत फुटतो.

मुद्देसूद
गुलमोहर परदेशी झाड, मूळचं मादागास्करचं. त्याला परवानगी लागतच नाही. तीन महिने उगाच घालवलेत.

सोसायटी_सेक्रेटरी
@मुद्देसूद, असलं काही लिहून कुणाला दंडात घालू नका. १९७५ चा झाडांचा कायदा शहरातल्या देशी-परदेशी सगळ्या झाडांना लागू आहे. झाड वाळलेलं असलं तरी अर्ज करावाच लागतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तर जितक्या वर्षांचं झाड तोडाल तितकी रोपं लावायची. ती कोण लावणार, खड्डे कोण खणणार, पैसे कोणाचे, हेही कोटेशनमध्ये लिहा. आमच्या सोसायटीत यावरून दोन मीटिंगा झाल्या आणि वॉचमनने रोपं लावली.

मुद्देसूद
आमच्या गावी कोणी विचारत नाही.

सोसायटी_सेक्रेटरी
गावाचं वेगळं. कोथरूड गाव राहिलंय का आता?

कुडाळचो_झिलगो
दादा, मी हेच काम करतो, सिंधुदुर्गात. वरच्यांनी करवत सांगितली, वकील सांगितला, पण पैसा कुठे जातो ते कोणी बोललं नाही. दर झाड किती उंच यापेक्षा खाली काय आहे यावर जास्त ठरतो. खाली मोकळं असेल तर फांदी कापली, सोडली, संपलं. खाली कौलं, पत्रा, तुळशीवृंदावन असेल तर प्रत्येक फांदीला दोर बांधा, दोर वरच्या बेचक्यातून घ्या, खाली एक माणूस बुंध्याला वेढा देऊन धरून बसणार, आणि फांदी वीत-वीत खाली सोडायची. तेच झाड, वेळ तिप्पट.
म्हणून मी दोन दर सांगतो. "झाडाखाली २० बाय २० फूट मोकळं मिळालं तर इतके, नाही तर दोराने उतरवायचे इतके." फोटो काढतो, फोटोवरच बोटाने गोल करतो, मालकाला पाठवतो. त्याचा "ओके" आला की झाला करार. खाली तारीख आणि "३० दिवस लागू". परवानगी उशिरा आली तर आदल्या संध्याकाळी परत चक्कर मारायची, म्हणजे माणसं, टेम्पो बोलावण्याआधी बोलणं होतं. चक्कर फुकट जाते ती जाऊ दे.
दुसरं, पोकळ खोड. बघायला जाल तेव्हा कोयत्याच्या पाठीने बुंधा चारी बाजूंनी ठोकून बघा. भरीव असला तर टणक वाजतो, पोकळ असला तर घागरीसारखा. तरी वरचं कळत नाही. मागच्या वर्षी एका आंब्यावर करवत घातली, पांढरा भुसा यायचा तो एकदम काळा, ओला यायला लागला. तिथेच थांबलो. फोटो, मालकाला फोन, मग पुढे. अशा लाकडाला वखारीतही भाव येत नाही, तेव्हा लाकडाच्या भरवशावर दर कमी करू नका. तुमचा गुलमोहर तर तसाही ठिसूळ.

बाणेरची_वहिनी
असं आधी सांगितलं असतं तर मी पाच हजार हसत दिले असते.

वायरीला_भ्यालेला
विजेच्या तारेचं कोणी बोललंच नाही! आमच्या इथे फांदी तारेवर पडली, अख्खी गल्ली अंधारात आणि फ्रिजमधलं श्रीखंड वाया. लाईन बंद करून घेणं मालकाच्या अंगावर टाका. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीला वीज बंद असते, तेव्हा गुरुवारीच काम धरा.

कुडाळचो_झिलगो
गुरुवारच्या भरवशावर तारेजवळ चढू नका हां. तुमची लाईन बंद झाली का ते वायरमनकडून खात्री करूनच चढायचं.

जीएसटी_वाला
२० लाखांच्या आत उलाढाल असेल तर नोंदणी लागत नाही, पण मग कोटेशनवर "कर वेगळा" लिहू नका, नोंदणीशिवाय जीएसटी घेता येत नाही.

पेट्रोलकरवत
मी तेच म्हणतोय, फोटो काढा, दोन दर द्या. आणि करवत.

शेंडा_ते_बुंधा
सगळ्यांचे आभार. काल बुंधा उतरवला. एका बाजूने पोकळ निघाला, कुडाळकर दादा. आत मुंग्यांचं वारूळ, माणसं नाचत होती नुसती. मालकांकडे जास्तीचे मागितले नाहीत. शेड मी बघितलं, तरी वर माणूस चढवला, चूक माझी. १८,००० घेतले. माणसांचा रोज, टेम्पो देऊन साडेसहाशे उरले.
आज वारज्याला दोन नारळांचं काम आलं. जाऊन बघितलं, ४,००० उक्तं सांगितलं. फोटोबिटो काही पाठवला नाही. गिऱ्हाईक मेव्हण्याच्या ओळखीचं आहे, त्यांना काय लिहून मागायचं.

निवृत्त_अभियंता
मग धागा काढलात कशाला?

कुडाळचो_झिलगो
नारळाखाली काय आहे?

शेंडा_ते_बुंधा
सध्या काही नाही.

नवा_सदस्य_वारजे
आमच्याही दारात एक शेवगा आहे, भिंतीला टेकलाय. यायची गरज नाही, फोटो टाकतो, फायनल रेट सांगा.