मदत हवी आहे: समुद्रावर तुटत गेलेला तो जाळ उपग्रहाचा होता का?

नमस्कार मंडळी. मुक्काम मुरुड, दापोलीजवळचं. मंगळवारी काळोख पडल्यावर मी आणि चुलतभाऊ गच्चीवरची सुकट झाकायला गेलो होतो. शेजारच्या माडाच्या शेंड्यापाशी एक नारिंगी ठिपका दिसला. भाऊ म्हणाला विमान. पण विमानाचे असे तुकडे पडत नाहीत. पुढे एक मोठा गोळा, त्यामागे एका रेषेत चार-पाच ठिणग्या, आगगाडीच्या डब्यांसारख्या. शेवटची ठिणगी मागे पडत पडत विझली. आवाज अजिबात नाही. सगळा लवाजमा उजवीकडे सरकत कनकदुर्गावरच्या दीपगृहाच्या वर गेला आणि मावळला.

भावाने ३८ सेकंदांचा व्हिडिओ काढला, अगदी माडापासून दीपगृहापर्यंत. घोळ पुढे झाला. त्याने तो मला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि फोनमध्ये जागा नाही म्हणून मूळ फाईल उडवली. माझ्याकडच्या प्रतीत चित्र आहे, वेळ नाही. हाताशी एकच पुरावा उरलाय: गोळा विझल्याबरोबर मी बंदरावर काकांना फोन लावला होता, तो कॉल ७.४१ चा आहे.

काल सकाळी त्याच जागी उभा राहून हात लांब करून मुठी मोजल्या (एक मूठ म्हणजे दहा अंश, शाळेत असताना आकाशदर्शनाला शिकवलं होतं). माडापासून दीपगृहापर्यंत चार मुठी. गोळा सुरुवातीला क्षितिजाच्या दोन मुठी वर होता, शेवटी जेमतेम एक. नकाशावर आमच्या घरापासून दीपगृह उत्तरेच्या डावीकडे साधारण ३५ अंशांवर येतं.

गावच्या ग्रुपवर तोवर क्षेपणास्त्र, यूएफओ, सगळं होऊन गेलं. आजीचं तिसरंच. १९७९ च्या जुलैत स्कायलॅब डोक्यावर पडणार म्हणून तिच्या सासऱ्यांनी घरच्या कोंबड्या कापून खाल्ल्या होत्या, उद्या असू-नसू म्हणून. स्कायलॅब पडली हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात. कोंबड्या तेवढ्या गेल्या.

तर ही उल्का होती की अवकाशातला कचरा? कळवायचं कुठे? आणि काका विचारतायत, एखादा तुकडा जाळ्यात आला तर काय करायचं?

प्रतिसाद १

मुठी मोजल्यात हे फार बरं केलंत, लोक नुसतं "खूप मोठा होता" लिहितात. गणित करून बघितलं. असे तुकडे बहुतेक ८० कि.मी.च्या आसपास उंचीवर सुटे होतात. ती उंची धरली तर दोन मुठींवर असताना गोळा तुमच्यापासून सुमारे २२० कि.मी. होता आणि एका मुठीवर ४०० कि.मी. दोन्ही जागा तुमच्या दिशांप्रमाणे कागदावर मांडल्या तर मधलं अंतर २७० कि.मी.च्या घरात येतं. ३८ सेकंदांत, म्हणजे सेकंदाला ७ कि.मी. कक्षेतून खाली येणारी वस्तू साधारण ७.८ च्या वेगाने हवेत शिरते. उल्केचा वेग किमान ११, आणि ती बहुधा काही सेकंदांत संपते. त्यामुळे माझं मत कचरा.

वेळेचं फार मनाला लावून घेऊ नका. वस्तू कधी खाली येणार याचे अंदाजच कित्येकदा तासांनी चुकतात, तिथे तुमची दोन मिनिटं किरकोळ. महत्त्वाची आहे दिशा, ती जवळजवळ सरळ उत्तर निघतेय. म्हणजे ध्रुवांवरून जाणारी कक्षा. एरोस्पेस कॉर्पोरेशन या अमेरिकी संस्थेची खाली येणाऱ्या वस्तूंची यादी काढा, त्या दिवशीच्या नोंदींत अशा कक्षेतलं काय आहे ते बघा. उल्कांच्या नोंदी ठेवणाऱ्या इंटरनॅशनल मीटिअर ऑर्गनायझेशनचा अर्जही भरा. कुठे वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लागली तर ७.४१ म्हणजे १९.४१, त्यातून साडेपाच तास वजा, १४.११.

काकांना सांगा, तुमच्या पाण्यात काही पडलेलं नाही. विझल्यावरही तुकडे पुढेच जातात. पण कधी धातूचा गोळा किंवा टाकी मिळालीच तर हात लावू नये, आत हायड्राझीनसारखं विषारी इंधन उरलेलं असू शकतं. पोलिसांना कळवायचं. २ एप्रिल २०२२ ला चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात चिनी रॉकेटचं तीनेक मीटर व्यासाचं कडं पडलं, तेही आधी लोकांनी आकाशात जळत जातानाच पाहिलं होतं.

एक अडचण उरते. ८० कि.मी. हे मी धरलेलं आहे. तुमची रेषा पुढे वाढवली तर दीवच्या आसपास जाते. तिकडच्या कुणाला डोक्यावरून जाताना दिसलं असेल तर खरी उंची काढता येईल.

धागाकर्ता

मनापासून आभार. माडाच्या बाजूचा कोन आज परत मोजला, चारऐवजी पावणेचार मुठी भरल्या. गणितात तेवढं सुधारून घ्या. वेरावळची एक बोट इंजिन बिघडल्यामुळे कालपासून हर्णैला लागली आहे. तांडेलाला हिंदी येतं. काका संध्याकाळी मला घेऊन जातायत, मंगळवारी पावणेआठला बोट कुठे होती ते आधी विचारतो.