चेरी श्रिम्पच्या टँकचं पाणी दर आठवड्याला बदलणं बंद करा

काचपेटी (धागाकर्ता):
मत टोकाचं आहे, तरी मांडतोच. ‘रविवार आला, बादली काढा, ३० टक्के पाणी बदला’ ही मासे पाळणाऱ्यांची सवय चेरी श्रिम्पच्या, म्हणजे गोड्या पाण्यातल्या छोट्या लाल कोळंबीच्या, टँकला लावू नये. मासे खातात ढीगभर, घाणही तेवढीच करतात. ३० लिटरच्या टँकमध्ये पंचवीसेक चेरी, भरपूर जावा मॉस (शेवाळासारखी पाणवनस्पती) आणि एक स्पंज फिल्टर, एवढ्यात घाण होऊन होऊन होणार किती?

श्रिम्पला वाढायचं तर कात टाकावीच लागते. पिल्लं साधारण आठवड्याला टाकतात, मोठे तीन ते सहा आठवड्यांनी. डोक्यावरचं कवच संपतं तिथे पाठीवर आडवी चीर पडते, श्रिम्प कमरेत वाकतो, एक झटका देतो आणि बाहेर! मागे उरतं मिशा-पायांसकट पारदर्शक टरफल. पण जुन्या कवचाखाली नवं अजून घडत असताना पाण्याचं तापमान आणि क्षार एकदम बदलले, तर कात अवेळी सुटते. चीर पाठीवर न थांबता गोल फिरते, मानेभोवती पांढरी कडी दिसते, आणि त्यातला श्रिम्प बहुतेक वेळा वाचत नाही. ‘काल पाणी बदललं, आज दोन गेले’ असे फोटो कुठल्याही ग्रुपवर बघा.

उडालेलं पाणी तेवढं भरा, बाकी टँकला हात लावू नका.

जुनाफिल्टर:
साफ असहमत. उडतं ते नुसतं पाणी, क्षार टँकमध्येच राहतात. तुमचाच ३० लिटरचा टँक घेऊ. आठवड्याला ३ लिटर उडालं आणि तुम्ही ८० टीडीएसचं (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) नळाचं पाणी भरलंत, तर दर आठवड्याला टीडीएस ८ ने चढणार. हेच ६०० टीडीएसचं बोअरचं पाणी असेल तर ६० ने, म्हणजे चार आठवड्यांत २४० ने! तुम्ही कुठलं पाणी भरता ते लिहिलंच नाहीत, आणि सगळी मेख तिथेच आहे.

आता बदलण्याचा हिशोब. टँकचा टीडीएस २००, नव्या पाण्याचा ८०. १० टक्के बदललंत तर २०० चा १८८ होतो. निम्मं बदललंत तर थेट १४०. ग्रुपवरचे फोटो या दुसऱ्या प्रकारातले असतात. दोष बादली ओतणाऱ्याचा आणि शिक्षा पाणी बदलण्याला, हा कुठला न्याय?

काचपेटी:
मी आरओचं पाणी भरतो. म्हणजे तुमचा चढता टीडीएस माझ्याकडे नाही.

जुनाफिल्टर:
मग उलटी अडचण. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना आम्ल तयार होतं, ते केएच, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, खात राहतं. कॅल्शियम कवचांत जातं. आरओच्या पाण्यात यातलं काहीच नाही, मग भरपाई कुठून? सहा महिने सगळं छान दिसतं, आणि मग एक दिवस पीएच घसरतो. आठवड्याला १० टक्के, तेही सलाईनच्या नळीने थेंब-थेंब सोडलेलं, एवढ्याने कुणाची कात अवेळी पडत नाही.

चिंगूळ:
आमच्याकडे कोकणात कोलबी पाळतात म्हटलं की घरचे आधी मसाल्याची चौकशी करतात, ते असो. :)

मला दोघांचंही पटलं नाही. आमचं विहिरीचं पाणी जांभ्यातलं, जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचं माप) जेमतेम २. चेरीला ६ ते ८ तरी हवा. म्हणून बादलीतच श्रिम्पचे मिनरल घालून टँकएवढा जीएच आणते, तापमान जुळवते, आणि मग कधी ३० तर कधी ४० टक्केसुद्धा बदलते. पांढरी कडी दिसत नाही. जुनं आणि नवं पाणी सारखंच असेल तर टक्के कशाला मोजायचे?

काचपेटी:
चिंगूळताई, तुम्ही जुळवता. शंभरातले नव्वद जण नळ सुरू करून पाइप सोडतात. सल्ला त्यांच्यासाठी आहे.

टँकरग्रस्त:
पुण्यातून. टीडीएस मीटरवर एवढा विश्वास बघून राहवलं नाही. आमच्या सोसायटीत बोअर आणि टँकरच्या पाण्याला सॉफ्टनर बसवलाय. मीटर ४५० दाखवतं, आणि दुकानदार म्हणतो, ‘भरपूर क्षार आहेत, कवचाची चिंताच नको.’ थेंबांचं जीएच किट आणलं तर पहिल्याच थेंबाला रंग बदलला, म्हणजे जीएच जवळपास नाहीच. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून सोडियम सोडतो, त्यामुळे टीडीएस तसाच राहतो आणि जीएच शून्याला टेकतो. अशा पाण्यात तुम्ही बदला नाहीतर बदलू नका, कवच बनणार कशाचं? आता सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचं पाणी घेतो आणि आरओत मिसळतो.

जुनाफिल्टर:
+१. हा प्रतिसाद धाग्यापेक्षा कामाचा आहे.

काचपेटी:
टोमणा पोचला. सॉफ्टनरचा मुद्दा मान्य. पण त्याने आठवड्याची बादली सिद्ध होत नाही.

वऱ्हाडी_ऊन:
नागपुरात या वादाला मे महिन्यात अर्थ नाही भाऊ. पाणी ३० च्या वर गेलं की ऑक्सिजन कमी, श्रिम्प मलूल. टँकवर छोटा पंखा लावतो, दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी एवढं उडतं की रोज भरावं लागते. तिथे आरओच. आणि हिवाळ्यात पाणी कोमट करायला गिझरचं मिसळणाऱ्यांनो, थांबा. आत तांब्याची टाकी किंवा नळी असू शकते, आणि तांबं श्रिम्पला माशापेक्षा कितीतरी कमी प्रमाणात मारते. माशांच्या कितीतरी औषधांतही तेच असते.

नवीन_टँक:
शंका आहे. काल संध्याकाळी पाणी बदललं (१० टक्के, क्लोरीन मारून). आज एक पांढरट श्रिम्प तळाशी पडलाय आणि बाकीचे वेड्यासारखे टँकभर पोहतायत. सगळे मरणार का?

चिंगूळ:
पडलेला चमच्याने हलवून बघा. आरपार दिसला आणि पाठीला चीर असली तर ती कात आहे. मेलेला श्रिम्प आरपार दिसत नाही, गुलाबीसर होतो. आणि पोहणारे नर असतील. मादीने कात टाकली की तिचा गंध पाण्यात उतरतो, मग नर तिला शोधत फिरतात. ती बिचारी मऊ अंगाने मॉसमध्ये दडलेली असेल. एक-दोन दिवसांत तिच्या पोटाखाली अंडी दिसली तर कळवा. मात्र माद्याही सैरावैरा पळत असतील, कुणी आडवं पडत असेल, तर घरात डासांचा स्प्रे मारलाय का किंवा बाहेर धूरफवारणी झाली का ते आधी बघा. त्यातलं औषध श्रिम्पला जहर असतं.

नवीन_टँक:
हो, आरपारच आहे, चीर पण आहे. स्प्रे नाही मारला. कात काढून टाकू ना?

काचपेटी:
राहू द्या. खातात ते, त्यातला कॅल्शियम पुन्हा पोटात जातो.

जुनाफिल्टर:
एखादी राहू द्या. ढीग साचला तर काढा आणि त्याच हाताने १० टक्के पाणीही बदला.