प्रौढ वयातील एडीएचडी आणि ध्यान: तीन मिनिटांपुढे बसवत नाही

प्रश्न:
नमस्कार. माझे वय ४१ आहे. मुलाच्या एडीएचडीची (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता या विकाराची) तपासणी चालू असताना डॉक्टरांनी माझ्याच शाळेतल्या दिवसांबद्दल इतके प्रश्न विचारले की, अखेर निदान दोघांचेही झाले. गेले आठ महिने अ‍ॅटोमॉक्सेटिन हे त्यावरचे औषध चालू आहे आणि त्याने फरकही पडला आहे. तरी कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता दुसऱ्या शिट्टीनंतर मी कपाट आवरायला घेते, आणि भाताचा लगदा झाल्यावरच आपण काहीतरी मोजत होतो हे आठवते. ध्यानासाठी श्वासाकडे लक्ष देऊन बसते, परंतु तिसऱ्या मिनिटाला उठून कुणाला तरी फोन लावलेला असतो, आणि एवढेही जमू नये, ही बोचणी मग दिवसभर पुरते. आम्ही नाशिकचे, त्यामुळे इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊन यावे, असा दिरांचा आग्रह आहे. जावे का?

प्रतिसाद १:
ताई, माझे निदान सेहेचाळिसाव्या वर्षी झाले. तीन मिनिटांत मन वीसदा भरकटले आणि वीसदा ते तुमच्या लक्षात आले, तर वीसदा सराव झाला असे धरावे. मन जागचे हलूच नये, ही अपेक्षा ठेवून मी दोन वर्षे वाया घालवली. बसणे जमेना म्हणून शेवटी गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत, साधारण वीस पावले, अनवाणी चालू लागलो. टाच टेकली, तळवा टेकला, पाऊल उचलले, एवढेच पाहायचे. कठड्याशी वळताना मन हमखास पळते, म्हणून तिथे हात टेकून क्षणभर थांबतो. वेळ मोजायला मोबाईल मात्र घेऊ नका, कारण तो हातात आला की ध्यान संपलेच. मी स्वयंपाकघरातला चावीचा टायमर लावतो.

प्रतिसाद २:
मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे. वरील अनुभवाला संशोधनाचा बऱ्यापैकी आधार आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील गटाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोट्या अभ्यासात आठ आठवड्यांचा कार्यक्रम होता. त्यात बैठक अगदी थोड्या मिनिटांपासून सुरू करून हळूहळू वाढवली होती आणि चालत करायच्या ध्यानाचाही समावेश होता. नेदरलँड्समधील नंतरच्या चाचणीत १२० प्रौढ होते. नेहमीच्या उपचारांना ज्यांनी माइंडफुलनेसवर (आत्ताच्या क्षणाकडे सजगपणे लक्ष देण्यावर) आधारित उपचारांची जोड दिली, त्यांची लक्षणे केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा अधिक कमी झाली, आणि सहा महिन्यांनीही हा फरक टिकून होता. ‘जोड’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. ध्यान जमू लागले म्हणून गोळी परस्पर बंद करणारे लोक मी पाहते, आणि तो निर्णय डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. शिबिराच्या अर्जातही आजार आणि औषधे विचारतात. तिथे काहीही लपवू नका.

प्रतिसाद ३:
शिबिराबद्दल माझा अनुभव थोडा वेगळा आहे, म्हणून लिहितो. पहाटे चारची घंटा, दिवसाला सुमारे दहा तासांची बैठक, मौन, आणि फोन जमा. हे ऐकून आपल्यासारख्याला ते अशक्यच वाटेल. मलाही पहिले तीन दिवस, म्हणजे केवळ श्वास पाहण्याचे आनापानाचे दिवस, फार जड गेले. पुढे मात्र घरापेक्षा तिथे बरे वाटू लागले, कारण आता काय करायचे हे स्वतः ठरवावे लागत नव्हते, ते घंटा ठरवत होती. खरी पंचाईत परत आल्यावर झाली. घरी घंटा नव्हती, आणि सकाळ-संध्याकाळची एकेक तासाची बैठक अकराव्या दिवशी सुटली ती सुटलीच. तेव्हा आधी घरच्या पाच मिनिटांची घडी बसू द्या, शिबिराचे वर्षभराने पाहता येईल. दिरांना तसे सांगायला हरकत नाही.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे मनापासून आभार. शिबिराचा विचार तूर्त बाजूला ठेवला आहे, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांशी बोलेन. चावीचा टायमर आणला. चार दिवस अंगणात तुळशीपासून फाटकापर्यंत पाच-पाच मिनिटे चालते आहे; काल मध्येच कुंडीतले तण उपटू लागले होते, पण दोन काड्या उपटल्यावर लक्षात आले आणि परत फिरले. कुकरलाही आता शिट्ट्यांऐवजी तोच टायमर लावते.