चिंगदाओमधील जर्मन काळातील सरकारी इमारती दोन दिवसांत कशा पाहाव्यात?

प्रश्न (टॉवेल कारखानदार, अक्कलकोट रोड, सोलापूर)

नमस्कार. नवे एअरजेट माग पाहण्यासाठी मी ऑक्टोबरमध्ये चीनमधील चिंगदाओ शहरात जाणार आहे. आपल्या वर्तमानपत्रांत हे नाव क्विंगदाओ असेही छापतात. काम संपल्यावर मला दोन दिवस मोकळे मिळतील. तेथे १८९७ ते १९१४ या काळात जर्मनीची सत्ता होती आणि तेव्हाच्या गव्हर्नरचे निवासस्थान, कचेरी, तुरुंग या इमारती अजून उभ्या आहेत, असे मी वाचले. यांपैकी कोणत्या आतून पाहता येतात?

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. माझे आजोबा १९३० च्या मार्शल लॉच्या दिवसांत सोलापुरात गिरणी कामगार होते, आणि चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोरून जाताना ते चप्पल काढून उभे राहत, हे मी लहानपणी पाहिले आहे. अशा घरातील माणसाने परक्या सत्तेच्या इमारतींची केवळ नक्षी पाहून परतावे, हे मला पटत नाही. तेथे काय पाहिले म्हणजे ती सत्ता कशी चालत होती हे समजेल?

उत्तर १ (सूत व्यापारी, साखर पेठ)

मी व्यवसायानिमित्त त्या शहरात तीन वेळा राहिलो आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. गव्हर्नरचे निवासस्थान सिग्नल टेकडीच्या उतारावर आहे. ते १९०७ मध्ये पूर्ण झाले, आता तेथे वस्तुसंग्रहालय आहे आणि तिकीट काढून आत जाता येते. त्याच्या दर्शनी भिंतींत ग्रॅनाइटचे मोठमोठे दगड मुद्दाम ओबडधोबड ठेवून बसवले आहेत. आपल्याकडील काळ्या पाषाणाच्या घडीव बांधकामाची सवय असलेल्या माणसाला ते आधी अपुरे वाटते आणि थोडा वेळ समोर थांबल्यावर त्यातील कारागिरी दिसू लागते. आतील लाकडी जिना व दालने सावकाश पाहावीत. पुढे हीच वास्तू सरकारी अतिथिगृह झाली आणि १९५७ च्या उन्हाळ्यात माओ तेथे राहिले होते. या एका इमारतीसाठी दोन तास ठेवावेत.

गव्हर्नरची कचेरी १९०६ ची आहे. तेथे आजही सरकारी कामकाज चालत असल्यामुळे ती बाहेरूनच पाहावी लागते, परंतु समोरच्या रस्त्याने समुद्राकडून वर चालत गेल्यास तिचा दर्शनी भाग पूर्ण दिसतो.

मूळ पासपोर्ट सदैव जवळ ठेवावा, कारण तिकिटासाठी तो मागतात. पैसे देण्यासाठी अलीपे हे ॲप भारतातूनच कार्ड जोडून तयार करून न्यावे. अनेक संग्रहालये सोमवारी बंद असतात. १ ते ७ ऑक्टोबर या त्यांच्या राष्ट्रीय सुट्टीत गर्दी फार असते, तेव्हा शक्य असल्यास त्यानंतरची तारीख घ्यावी. शाकाहारी असाल तर कडक भाकरी आणि शेंगा चटणी बरोबर असू द्या.

उत्तर २ (निवृत्त इतिहास शिक्षिका, होटगी रोड)

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे मला मनापासून कौतुक वाटले, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. चिंगदाओ ज्या शानतुंग प्रांतात आहे, तेथे नोव्हेंबर १८९७ मध्ये दोन जर्मन धर्मोपदेशकांची हत्या झाली. ते निमित्त करून जर्मन आरमाराने हा किनारा ताब्यात घेतला आणि ६ मार्च १८९८ रोजी चीनकडून ९९ वर्षांचा भाडेपट्टा लिहून घेतला. ही वसाहत बर्लिनमधील वसाहत खात्याकडे न देता आरमार खात्याकडे दिली होती आणि येथील गव्हर्नर आरमाराचेच अधिकारी असत. कचेरी समुद्राकडे तोंड करून उंचावर का बांधली असावी, याचा विचार तेथे उभे राहून करावा.

त्यानंतर चुंगशान रस्त्यावर जावे. आज तो एकच रस्ता आहे, पण जर्मन काळात त्याची नावे दोन होती. युरोपीय वस्तीतील दक्षिणेकडचा भाग फ्रीडरिश रस्ता म्हणून ओळखला जाई आणि चिनी वस्तीतील उत्तरेकडचा भाग शानतुंग रस्ता म्हणून. घरकामाचे नोकर वगळता चिनी माणसाला युरोपीय भागात राहण्याची परवानगी नव्हती. उत्तरेकडील दाबाओदाओ वस्तीत मधल्या अंगणाभोवती बांधलेली दुमजली घरे अजून आहेत. आपल्या वाड्यांत वाढलेल्या माणसाला ती लगेच ओळखीची वाटतात, फरक एवढाच की त्यांत एका कुटुंबाऐवजी अनेक कुटुंबे राहत.

जमिनीचा कायदाही लक्षात घ्यावा. सरकारने गावकऱ्यांकडून जुन्या भावाने जमिनी घेतल्या, पूर्वीची घरे पाडली आणि नवे भूखंड लिलावाने विकले. त्यावर दरवर्षी ६ टक्के जमीनपट्टी होती, आणि जमीन पुन्हा विकताना वाढलेल्या किमतीचा एक तृतीयांश हिस्सा सरकार घेई. सट्टेबाजी रोखणारा हा नियम अर्थशास्त्रज्ञांनी नावाजला, आणि ती प्रशंसा अनाठायी नव्हती; परंतु वाढलेल्या किमतीत ज्यांची घरे गेली त्यांचा वाटा नव्हता, हेही विसरता कामा नये. जुन्या गावाची खूण म्हणून समुद्राकाठचे थिएनहौ या सागरदेवीचे मंदिर राहिले आहे. ते १४६७ चे, म्हणजे जर्मनांच्या चारशेहून अधिक वर्षे आधीचे आहे. माझ्या मते आपण तेथूनच सुरुवात करावी.

आपल्या महापालिकेची इंद्रभुवन इमारत अप्पासाहेब वारद यांनी बांधून घेतली होती, म्हणून तिच्याकडे आपण आपलेपणाने पाहतो. तेथील लोकांना त्या कचेरीविषयी काय वाटत असेल, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

उत्तर ३ (वकील, सात रस्ता)

शिक्षिकाबाईंचे सर्व मान्य करूनही एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. सत्ता समजून घ्यायची असेल तर आधी तुरुंग पाहावा. १९०० मध्ये बांधलेला हा तुरुंग आता संग्रहालय आहे. गोल मनोऱ्यातील जिन्यामुळे बाहेरून तो लहानशा किल्ल्यासारखा दिसतो, पण तो युरोपीय कैद्यांसाठी होता. चिनी कैद्यांना लीत्सुन येथील वेगळ्या तुरुंगात ठेवत. एकाच सरकारच्या हाताखाली माणसाच्या जातकुळीवरून कोठडी ठरत होती, हे त्या अरुंद खोल्यांत जितके जाणवते तितके गव्हर्नरच्या दिवाणखान्यात जाणवत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याशी थेट संबंधित आहे. १९१४ मध्ये जपानने या शहराला वेढा घातला, तेव्हा सोबतच्या ब्रिटिश तुकडीत ३६ व्या शीख पलटणीचे शिपाई होते. ७ नोव्हेंबरला जर्मनांनी शरणागती पत्करली. पुढे १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेत जर्मनीचे येथील हक्क जपानला देण्याचे ठरल्यामुळे चीनमध्ये ४ मेचे आंदोलन म्हणून ओळखला जाणारा विद्यार्थ्यांचा उठाव पेटला, आणि शहर चीनकडे परत आले ते १९२२ च्या डिसेंबरमध्ये. म्हणजे एका परक्या सत्तेकडून दुसऱ्या परक्या सत्तेकडे हे शहर सोपवण्याच्या कामी आपले शिपाईही राबवले गेले.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. तिकीट आता ९ ऑक्टोबरनंतरचे काढतो. बाईंच्या सूचनेप्रमाणे पहिल्या सकाळी देवीच्या मंदिरापासून निघून कचेरीसमोरच्या रस्त्याने वर जाईन, दुपारी चुंगशान रस्ता दक्षिणेकडून उत्तरेकडे पूर्ण चालेन, आणि दुसऱ्या दिवशी वकील साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे आधी तुरुंग आणि मग गव्हर्नरचे घर पाहीन.

परतीच्या वाटेवर चिनान मार्गे शिच्याच्वांगला जाऊन आपल्या डॉ. कोटणीसांच्या समाधीचे दर्शन घेण्याचाही विचार पक्का केला आहे. समाधीवर वाहण्यासाठी फुले तेथे जवळपास मिळतात का, हे कोणी सांगू शकल्यास उपकार होतील.