नुसती प्लेट बसवून भागत नाही

जुन्या पेट्रोल जीपमध्ये भंगार बाजारातलं एमडीआय (महिंद्राचं) डिझेल इंजिन बसवायचं, इंजिन आणि गिअरबॉक्स जोडायला मध्ये अडॅप्टर प्लेट टाकली की झालं, असं कुणीतरी सुचवलंय. बसतं हो, अशा कितीतरी जीपा गावोगाव फिरतायत. पण प्लेट हा त्यातला सगळ्यात सोपा भाग.

खरी गोम क्राउन-पिनियनमध्ये, म्हणजे एक्सलमधल्या गियरच्या जोडीत आहे. तिचं गुणोत्तर ५.३८ (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे) आणि ६.००-१६ चे टायर असतील, तर टॉप गियरला ३२०० आरपीएमवर गाडी जेमतेम ८० ला पोचते. डिझेलची दमछाक तिथेच होते, म्हणजे रोजचा सुखाचा वेग ५०-५५. हायवेला नुसतं बोंबलत राहील. क्राउन बदलायचा तर फोर बाय फोरला पुढचा-मागचा दोन्ही बदलावे लागतात, एकच बदलून चालत नाही. हा खर्च मिस्त्री आधी सांगत नाही.

प्लेट करताना गिअरबॉक्सचा शाफ्ट क्रँकच्या अगदी मध्यावर आला पाहिजे. केसभर जरी तिरका राहिला तरी पायलट बेअरिंग (शाफ्टचं क्रँकमधलं टोक धरणारं) आणि क्लचप्लेट वारंवार खाते. पुढचे स्प्रिंगचे पाटे डिझेल इंजिनाच्या वजनाने बसतात, तेही बघा. उरलेलं डिझेल परत नेणारी रिटर्न लाइन टाकीपर्यंत न्यायला विसरू नका.

आणि आरटीओ! मोटार वाहन कायदा १९८८, गाडीत केलेल्या बदलांबद्दलचं कलम ५२ बघा. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असेल, तर अपघातानंतर विमावाले हात वर करायला मोकळे. इंजिन घेताना पक्कं बिल घ्या, नंबर खोडलेला असेल तर फुकट दिलं तरी नको.