भारतातील नोंदणी दुबईत चालत नाही

भारतात ट्रेडमार्क नोंदवलेला असल्यामुळे दुबईला कोकम आगळ पाठवताना वेगळी नोंदणी लागणार नाही, असे काही जण सांगतात. त्याच्याशी मी सहमत नाही. ट्रेडमार्कचा हक्क ज्या त्या देशापुरताच असतो. वेंगुर्ल्यात आमचा आगळ आणि काजूचा छोटा कारखाना आहे. पहिली ऑर्डर देणाऱ्या आखाती आयातदाराने परवान्याच्या निमित्ताने लेबलची फाईल मागून घेतली आणि तेच नाव, त्यावरच्या रातांब्याच्या चित्रासकट, तिथे स्वतःच्या नावावर नोंदवून टाकले. पुढच्या खेपेच्या बाटल्यांवरची लेबले आम्हीच बसून खरवडली.

भारत २०१३ पासून माद्रिद प्रणालीत (एकाच अर्जाने अनेक देशांत ट्रेडमार्क नोंदवण्याच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत) आहे आणि संयुक्त अरब अमिराती डिसेंबर २०२१ पासून; त्यामुळे इथल्या अर्जाच्या आधारे, इथल्याच ट्रेडमार्क कार्यालयामार्फत, हवे ते सदस्य देश निवडून एकच अर्ज करता येतो. मात्र पहिली पाच वर्षे ही आंतरराष्ट्रीय नोंदणी मूळ भारतीय अर्जावर अवलंबून असते, आणि तो फेटाळला गेला तर बाहेरचे संरक्षणही जाते. आम्हाला हे कोणी आधी सांगितले नव्हते. शिवाय भारतातील पहिल्या अर्जापासून सहा महिन्यांच्या आत बाहेर अर्ज केल्यास मूळ तारखेचा अग्रक्रम मागता येतो, म्हणजे बाहेरचा अर्जही भारतातील अर्जाच्या तारखेचाच धरला जातो.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे खरे, पण ते प्रदेशाच्या नावाचे. आपल्या ब्रँडची राखण ते करत नाही. आता वितरकाच्या करारात नाव आणि लेबल आमच्याच मालकीचे असल्याचे कलम घातल्याशिवाय आम्ही नमुन्याची बाटलीही पाठवत नाही.